माकडटोपीतला अ‍ॅम्प्लिफायर

१

सुजीतला कंपनीने काढलं नाही. माणसाला काढायलाही एचआर लागतो, आणि एचआरला कंपनीने आधीच काढलं होतं. मग मागे उरलेल्या एका मॅनेजरने सगळ्यांना बोलावून सांगितलं, "तुम्ही लाँग लीव्हवर आहात. पगार नाही, पण व्हिसा चालू. प्रोजेक्ट सुरू झाला की फोन करतो. इन्शाल्ला." प्रोजेक्ट दुबई मरीनात होता. म्हणजे तिथे एक भलामोठा खड्डा होता, त्यात पाणी भरलं होतं, आणि कडेला दोन बगळे साइट इंजिनियरसारखे उभे असायचे.

ही दोन हजार नऊच्या फेब्रुवारीतली गोष्ट. सुजीत शारजात अबू शगाराच्या एका जुन्या बिल्डिंगमध्ये राहायचा. बायको अनुपमा इंडियन स्कूलमध्ये शिकवायची, त्यामुळे घर चाललं होतं. ती सकाळी जायची ती उन्हं कलल्यावर यायची. दिवसभर घरात दोघंच, सुजीत आणि त्याची आई, प्रमिलाबाई.

आईला वर्षभरापूर्वी चिंचवडहून आणलं होतं, अप्पा गेल्यानंतर. तिच्या बॅगेत देव होते, तांब्याचं घंगाळ होतं आणि अप्पांची माकडटोपी होती. तपकिरी, लोकरीची, वर गोंडा.

"आई, इथे माकडटोपी? हे वाळवंट आहे."

"तुमच्याकडे एसी असतो ना," आई म्हणाली. "डोक्याला वारं लागतं."

कोणाच्या डोक्याला, ते तिने सांगितलं नाही.

अप्पा म्हणजे सुजीतचे वडील दत्तप्रसाद, टेलिफोन एक्स्चेंजमधून रिटायर झालेले. ते दुपारी झोपेत गेले. त्यांचं घोरणं प्रसिद्ध होतं. एक लांबलचक चढ, मग काहीच नाही, घरातले सगळे हातातलं काम थांबवून वर बघणार, आणि मग एक हिसका, की गाडी परत सुरू. तो हिसका लवकर आला नाही की शेजारी पडलेली आई डोळे न उघडता म्हणायची, "अहो, कुशीवर वळा." अप्पा वळायचे. असा संसार चालला. त्या दुपारी आईलाही डोळा लागला होता. चार वाजता तिने उठून दोन कप चहा केला आणि हाका मारत बसली. चहावर साय धरली तेव्हा तिला कळलं.

सुजीत तेव्हा साइटवर होता. फोन सायलेंटवर.

२

आता दुपारी जेवणं झाली की आई आतल्या खोलीत पडायची. डबल बेड होता, पण ती आपली भिंतीकडच्या अर्ध्यातच. उरलेल्या अर्ध्यावर चादरीला सुरकुतीसुद्धा पडायची नाही. चारला उठायची, दोन कप चहा करायची. एक साखरेचा, तिचा. एक बिनसाखरेचा. स्वतःचा पिऊन झाला की दुसऱ्यावर साय धरेपर्यंत थांबायची आणि तो बाल्कनीतल्या कढीपत्त्याच्या कुंडीत ओतायची. कढीपत्ता जोरात होता.

"वाया कशाला घालवतेस? मी पितो," असं म्हणून सुजीतने एकदा तो कप तोंडाला लावला होता. त्याला दोन चमचे साखर लागायची. पहिला घोट त्याने थेट कढीपत्त्याला दिला.

लाँग लीव्हच्या पहिल्याच आठवड्यात त्याने ऐकलं. तो पाणी प्यायला उठला होता, आणि आतून आईच्या श्वासाचा आवाज येत होता. येत होता, येत होता, आणि थांबला. सुजीत हातात ग्लास घेऊन दारात उभा. खिडकीबाहेर समोरच्या अर्धवट टॉवरची क्रेन दिसत होती. काम बंद पडल्यापासून ती मोकळी सोडली होती, वाऱ्याने आपली आपण फिरायची. ती थोडी फिरली. मग आईने एकदम घशातून श्वास ओढला आणि पुढे सुरू झाली.

डॉक्टर म्हणाले, झोपेत श्वास थांबतोय, हॉस्पिटलमध्ये एक रात्र झोपवून टेस्ट करू.

"झोपेची परीक्षा?" आई म्हणाली. "मॅट्रिकनंतर मी परीक्षा सोडल्या. आणि शारजाच्या दवाखान्यात मरायला मी चिंचवड सोडलेलं नाही."

"मरायचं कोण म्हणतंय?"

"मग झोपवतात कशाला?"

विषय खलास. पण सुजीतच्या डोक्यातून तो जाईना. वडील गेले तेव्हा शेजारच्या माणसाला कळलं नव्हतं. आता आई थांबली तर कोणाला कळणार? तो तर बाहेरच्या खोलीत. त्याने ठरवलं, आपण इलेक्ट्रॉनिक्सचे इंजिनियर, रिकामे, आणि रिकाम्या इंजिनियरच्या आईने असं न कळता थांबायचं नाही. मशीन बनवायचं. श्वास थांबला की कळलं पाहिजे.

३

मशीन तसं साधं होतं. बझरमधून काढलेली पितळी चकती, दाबली की किंचित वीज सोडणारी. ती पलंगाच्या मधल्या फळीखाली चिकटवली. माणूस श्वास घेतो तेव्हा पलंग केसभर हलतो, चकतीला तेवढं पुरतं. मग ती वीज मोठी करायला अ‍ॅम्प्लिफायर. आणि दाखवायला पेन.

पेन त्याला शारजाच्या इंडस्ट्रियल एरियात मिळालं, रफिकच्या भंगारात. बंद पडलेल्या मासळीच्या कोल्ड स्टोरेजमधला ग्राफ काढायचा डबा होता तो. आत कागदाची गुंडाळी हळूहळू सरकते, वर पेन डावीउजवीकडे फिरतं.

"साब, इसका क्या करोगे?" रफिकने विचारलं.

"अम्मी की साँस नापनी है."

रफिकने डबा हुंगला. "सुरमई की बू आएगी," म्हणाला, आणि शंभराचा भाव पन्नासवर आणला.

डबा हॉलमध्ये टीपॉयवर, वायर दाराखालून आत. पहिल्या दिवशी पेनने श्वास सोडून सगळं लिहिलं. फ्रिज लिहिला, लिफ्ट लिहिली, ट्यूबलाइट लिहिली. भिंतीतल्या विजेची गुणगुण इतकी की कागदावर रेघ नाही, पट्टा उमटला.

तिथून सुजीतला वेड लागलं. सकाळी उठून माणसं वॉकला जातात, हा नॉइजवर जायचा. चार्जर काढून बॅटऱ्या लावल्या, पट्टा निम्मा झाला. वायरी एकमेकींना पीळ घालून वळल्या, आणखी उतरला. अ‍ॅम्प्लिफायर दूधपावडरच्या पत्र्याच्या डब्यात बंद केला, म्हणजे बाहेरची गुणगुण आत शिरणार नाही. सगळ्या काळ्या वायरी एकाच स्क्रूखाली आणल्या. दुपारी फ्रिज बंद, ट्यूब बंद.

"दही आंबलं," अनुपमा म्हणाली.

"हो, पण लाइन बघ!"

रेघ खरंच दिसायला लागली होती. मोजमापासाठी आधी तो स्वतः पलंगावर पडला. त्याचा श्वास म्हणजे करवतीचे दात, बारीक आणि घाईघाईचे. आईचा म्हणजे गोलसर टेकड्या. मधूनच टेकड्या संपायच्या आणि सपाट माळ लागायचा. माळ लांबला की सुजीत खुर्चीतून अर्धा उठायचा. मग टेकडी यायची, तो बसायचा.

याच सुमारास आईने देव पाण्यात ठेवले. सुजीतला फोन येईपर्यंत काढायचे नाहीत. घंगाळ चिंचेने लख्ख घासून बाल्कनीतल्या नळाखाली ठेवलं, कडी मागच्या लोखंडी पाइपाला टेकलेली, आणि तळाशी अन्नपूर्णा, बाळकृष्ण आणि गणपती.

"आई, ते गुदमरतील," सुजीत म्हणाला.

"गुदमरले की फोन करतील," आई म्हणाली.

४

एप्रिलमध्ये एसीशिवाय भागेना. एसी लावला की रेघ दिवसभर भरतीओहोटीसारखी सरकायची. सुजीतने डोकं लावलं. गार झोत अ‍ॅम्प्लिफायरच्या डब्यावर येतोय, आतले पार्ट गार-गरम होतायत, म्हणून ही सरक. डब्याला काहीतरी उबदार गुंडाळायला हवं.

अबू शगारात एप्रिल महिन्यात लोकरीची वस्तू एकच होती.

माकडटोपी डब्याला अशी बसली की मापाने शिवली असावी. डब्याचा लाल दिवा नेमका तोंडाच्या खिडकीत आला. आतल्या खोलीत, पलंगाच्या पायथ्याशी, स्टुलावर ती टोपी आणि आत एक लाल ठिपका. अनुपमा शाळेतून आली, दारातच थबकली.

"सुजीत, मला हे आवडलेलं नाही."

"थर्मल इन्सुलेशन आहे."

"तुझे अप्पा बसल्यासारखे वाटतायत."

आईने मात्र बघितलं, गोंडा सरळ केला आणि पडली.

त्या दुपारी रेघ पहिल्यांदा जागेवर राहिली. सरक गेली. सुजीत हॉलमध्ये पेनसमोर चहाचा नाही, विजयाचा घोट घेत बसला. टेकडी, टेकडी, टेकडी, माळ.

आणि माळावर काहीतरी उभं राहिलं.

उंच, संथ चढ. मग वर सपाट. सपाट बराच वेळ. मग एक हिसका. हिसक्यामागून आईची टेकडी, आणि पुन्हा सगळं सुरळीत.

सुजीतने मासळीच्या डब्यावर टिचकी मारली. माणूस मारतोच.

५

आता हा नवा नॉइज आला कुठून? सुजीतने एकेक शंका पुसून काढायला घेतली. पाण्याचा पंप? खाली जाऊन वॉचमन जहूरला मस्का लावला आणि दुपारी पंप बंद ठेवायला लावला.

"साब, सारी बिल्डिंग गाली दे रही है. नहाते नहाते पानी गया, साबन लगा के लोग नीचे आए," जहूर म्हणाला.

पंप नव्हता. लिफ्ट? लिफ्ट बिघडलेलीच होती. वरचा मजला? वरचं कुटुंब मार्चमध्येच कर्ज बुडवून, गाडी खाली पार्किंगमध्ये सोडून पळालं होतं. तिच्यावरची धूळ इतकी वाढली होती, की कोणीतरी तिच्यावर बोटाने 'यल्ला बाय' लिहिलं होतं. मग क्रेन? ती फिरते, वजन हलतं, जमीन हलते. ही शंका सुजीतला आवडली. त्याने खुर्ची अशी फिरवली की एका नजरेत क्रेन आणि पेन दोन्ही दिसावेत. त्या दिवशी वारा अजिबात नव्हता. क्रेन चित्रासारखी उभी. पेनने चढ काढला, सपाट काढलं, हिसका काढला.

टोपी? टोपी काढून बघितली. रेघ सरकली, पण हिसका होताच. टोपी परत घातली.

रिकाम्या पलंगावर मात्र काही नाही. सुजीत एकटा पडला तर फक्त करवत. आई झोपली, आणि तिचा श्वास थांबला, तरच.

त्याने सगळे कागद जमिनीवर अंथरले आणि अनुपमाला दाखवले.

"प्रत्येक वेळी, बघ. आईचा माळ आणि हे. एकाच जागी. म्हणजे काय?"

"काय?"

"म्हणजे जे काही आहे, ते आईचा श्वास अडवतंय."

अनुपमाने कागदावर बोट ठेवलं. चढ, सपाट, हिसका. ती काही वर्षं चिंचवडच्या घरात राहिलेली सून होती. त्या घराच्या भिंती पातळ होत्या. तिने बोट उचललं आणि ओढणीला पुसलं.

"सुजीत, हे बंद करू या," ती म्हणाली. "आईंना पटवून हॉस्पिटलला नेऊ या."

"नेऊ. आधी हा नॉइज काढतो."

६

एकच गोष्ट करायची राहिली होती, अर्थिंग. डब्याला चिकटणारा फालतू आवाज वायरीने जमिनीत सोडून द्यायचा. पण जुनी बिल्डिंग, सॉकेटमधल्या अर्थच्या भोकात वायरच नव्हती. सुजीत घरभर जमीन शोधत फिरला. माणूस चौथ्या मजल्यावर राहायला लागला की जमीन शोधावी लागते.

बाल्कनीत घंगाळ होतं. घंगाळाची कडी पाइपाला टेकलेली. पाइप सगळ्या मजल्यांतून खाली, वाळूत. तांबं, पाणी, लोखंड. याहून चांगली अर्थ अख्ख्या एमिरेट्समध्ये मिळाली नसती.

तो शुक्रवार होता. अनुपमा भाजी आणायला गेली होती. आई झोपल्यावर सुजीत चप्पल काढून बाल्कनीत गेला, पाण्यातल्या देवांना मनातल्या मनात सॉरी म्हणाला आणि घंगाळाच्या काठाला अ‍ॅम्प्लिफायरच्या वायरीची क्लिप लावली.

पेन थरथरायचं थांबलं.

सुजीत हॉलमध्ये येऊन बघतो तर कागदावर फक्त आई. टेकड्या इतक्या स्वच्छ, की शाळेच्या पुस्तकात छापाव्यात. गुणगुण नाही, धूळ नाही. तीन महिन्यांत त्याला असा ग्राफ मिळाला नव्हता. कोणाला तरी दाखवावा म्हणून त्याने इकडेतिकडे बघितलं.

मग टेकडी संपली. माळ लागला.

सुजीत वाट बघत बसला. आता तो चढ येणार नाही, हे बघायचं होतं त्याला. नाही आला. तो हसला. रेघ सरळ चालली होती. हिसका नाही आला. रेघ सरळच चालली होती. मग त्याच्या लक्षात आलं, की टेकडीही आलेली नाही. आणि त्याला आणखी एक गोष्ट आठवली, जी त्याला दुसऱ्या वर्षाला शिकवली होती. अर्थिंगने विजेचा आवाज जातो. पलंगाचं हलणं जात नाही. पलंग कोणी हलवत असेल, तर ते हलणं तसंच राहायला हवं.

हिसक्यामागून टेकडी यायची. दरवेळी. हिसक्यानंतर.

तो धावला. आईचा चेहरा भिंतीकडे होता, ओठ काळसर. त्याने खांदे धरून गदागदा हलवलं. "आई! आई, ऊठ!" टोपीतला लाल ठिपका तसाच. आईने घशातून असा श्वास ओढला, की पाण्याखालून कोणी वर यावं.

ती उठून बसली. मग तिने हात लांब करून पलंगाच्या दुसऱ्या अर्ध्यावर ठेवला. चादर चाचपली, उशी चाचपली.

"काय केलंस रे?"

"नॉइज काढला, आई."

"सगळा?"

"सगळा."

"बरं," आई म्हणाली.

चार वाजता तिने चहा केला. एकच कप.

७

क्लिप त्याने लगेच काढली होती. गुणगुण परत आली. हिसका आला नाही.

मग आमच्या इंजिनियरने जे केलं ते बघून दुसरा कोणीही हसला असता. ज्या माणसाने तीन महिने एकेक आवाज घरातून हाकलला, तो आता त्यांना एकेक करून परत बोलावायला लागला. फ्रिज लावला. ट्यूब लावली. वायरींचा पीळ सोडला. बॅटऱ्या काढून चार्जर जोडला. वॉशिंग मशीन रिकामंच फिरवलं. जहूरला जाऊन सांगितलं, पंप चालू ठेव.

"साब, आप आदमी हो के म्युनिसिपालिटी?" जहूरने विचारलं.

पेनने परत पट्टा काढला, जाडजूड. सुजीत पट्ट्यात डोळे घालून चढ शोधायचा. टोपी काढून घातली, गोंडा उजवीकडून डावीकडे केला. अनुपमा दारात उभी राहून बघायची. हॉस्पिटलची तारीख मिळाली होती, पण पुढल्या महिन्यातली.

आईचे माळ लांबत चालले. आता सुजीत दुपारभर पलंगाशेजारी खुर्ची टाकून बसायचा. श्वास थांबला की खांद्याला हात लावायचा. ती दचकून उठायची, त्याच्याकडे बघायची, आणि तिच्या चेहऱ्यावर एक क्षण जे यायचं, ते त्याला बघवायचं नाही. दुसऱ्याच कोणाची तरी वाट बघणारा चेहरा.

"मला ऐकू यायचं रे," एकदा ती आपण होऊन म्हणाली.

"काय?"

"तुझं ते नॉइज. मी त्यांना उठवू शकले नाही. पण ते उठवायचे."

"मग मला सांगायचं नाही का, आई?"

"तुला कशाला? तू कामात होतास." तिने चादर नीट केली. "एवढ्या दिवसांनी तुला काम मिळालं होतं."

८

मेमध्ये फोन आला. मरीनाच्या खड्ड्यासाठी कुठूनतरी पैसे आले होते, बगळ्यांना हटवायचं होतं. रविवारी सकाळी रिपोर्ट.

आईने देव पाण्यातून काढले, पंच्याने पुसले, डोळ्यांना लावले आणि देव्हाऱ्यात बसवले. बाळकृष्णाच्या कानामागे हिरवट डाग धरला होता, तो चिंचेने घासला. घंगाळ उपडं केलं. तिला मनापासून आनंद झाला होता. तिने शिरा केला.

सुजीतने शिऱ्यात नुसता चमचा फिरवला. रविवारपासून दुपारी खुर्चीत कोण बसणार? अनुपमा शाळेत. हॉस्पिटल अजून लांब.

शेवटच्या शुक्रवारी जेवणं झाल्यावर तो म्हणाला, "आई, आज मी इथेच पडतो. तुझ्या शेजारी."

"पड की," ती भिंतीकडे वळली.

अनुपमाला त्याने पेनसमोर बसवलं. वायरी परत पिळल्या होत्या, बॅटऱ्या लावल्या होत्या, फ्रिज बंद. माळ लांबला तर तिने दार वाजवायचं. मग सुजीत पलंगाच्या त्या अर्ध्यावर पहिल्यांदाच आडवा झाला, आई शेजारी असताना. चादर गार होती. एसीचा झोत नेमका टाळूवर येत होता. त्याने हात लांबवून स्टुलावरच्या डब्याची टोपी काढली आणि स्वतःच्या डोक्यात घातली. कानांवरून ओढून घेतली. बाहेरचं सगळं लोकरीआड गेलं. टोपीला अमृतांजनाचा वास होता.

त्याने ठरवलं होतं, झोपायचं नाही. आईचा श्वास थांबला की आपण अप्पांसारखं घशातून एकदा ओढायचं. नकलेत तो लहानपणापासून हुशार होता. पाहुण्यांसमोर अप्पांचं घोरणं करून दाखवायचा, आणि अप्पा सगळ्यांत जास्त हसायचे.

आईचा श्वास चालू होता. खिडकीत क्रेन होती. क्रेन हळूहळू त्याच्याकडे वळत होती. तो उघड्या डोळ्यांनी बघत होता. छातीत काहीतरी संथपणे चढायला लागलं, आणि चढतच गेलं, आणि वर जाऊन थांबलं. बरं वाटत होतं तिथे. खाली यायची काही घाई नव्हती.

मग जवळून, फार जवळून, झोपेतला आवाज आला.

"अहो, कुशीवर वळा."

आई, मी आहे, असं म्हणायला हवं होतं.

तो वळला.

९

जाग आली तेव्हा आई पलंगावर नव्हती. स्वयंपाकघरातून आल्याचा वास येत होता. तो उठून हॉलमध्ये आला. अनुपमा डब्यापासून लांब, भिंतीला टेकून उभी होती. हातात कागद, लांबच लांब, पायापर्यंत आलेला.

"तू मधेच उठून कुठे गेला होतास का?" तिने विचारलं.

"नाही. झोपलो होतो."

"तुझा श्वास कागदावर दिसेना, म्हणून मी दार वाजवलं. खूप वेळ वाजवलं. आतून कडी होती."

"मी कडी नाही लावली."

तिने कागद पुढे केला. सुरुवातीला टेकड्या, आणि टेकड्यांवर करवतीचे दात, बारीक आणि घाईघाईचे. मग टेकड्या संपल्या. माळ लागला. तिथे उंच, संथ चढ, वर सपाट, आणि हिसका. हिसक्यामागून टेकडी आली. पुढे बराच वेळ दोन्ही चाललं होतं, टेकड्या आणि चढ, टेकड्या आणि चढ, एकमेकांची वाट बघत चालणाऱ्या दोन म्हाताऱ्या माणसांसारखं. माळ एकही लांबला नव्हता.

करवतीचे दात त्या पहिल्या हिसक्यानंतर कुठेच नव्हते. कागद संपेपर्यंत नव्हते.

"नॉइज असेल," सुजीत म्हणाला. आवाज थोडा बसला होता. अनुपमा त्याच्या डोक्यावरच्या टोपीकडे बघत होती. ती पुढे आली, टोपी काढायला तिने हात उचलला, आणि तसाच खाली घेतला.

आई ट्रे घेऊन बाहेर आली. कित्येक दिवसांनी तिचा चेहरा झोप झालेल्या माणसासारखा होता. ट्रेमध्ये दोन कप. एक तिने स्वतःपाशी ठेवला. दुसरा वर न बघता त्याच्यापुढे सरकवला.

"घ्या," ती म्हणाली. "साय धरेल."

त्याने कप उचलला आणि एक घोट घेतला. साखर नव्हती.

चहा अगदी बरोबर झाला होता.